पाय न मोडणारी कळ

अरुणाताई गेली आठ वर्षं एकच काम करत होत्या. गावाकडून दिल्लीला यूपीएससीच्या तयारीला आलेल्या मराठी मुलांसाठी एका क्लासचे सराव पेपर त्या टाइप करून द्यायच्या. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, घर लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये, आणि इतिहासातली एम.ए.ची पदवी माळ्यावरच्या ट्रंकेत. हे एवढं काम मात्र त्यांचं स्वतःचं. पेपर काढणाऱ्या सरांनी पानिपतचं साल चुकवलं तर त्या फोन करून सुनावायच्या. त्यांच्या हातून चूक गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

मग मुलानं, यतीननं, जुना कॉम्प्युटर भंगारात दिला आणि स्वतः पसंत करून महागडा लॅपटॉप आणला. पत्र्यासारखा पातळ. त्याच्या कळा दाबल्या की जेमतेम तांदळाच्या दाण्याइतक्या खाली जायच्या. सात महिन्यांत त्यातली डीची कळ चुकायला लागली. इंग्रजीत डी म्हणजे नुसतं एक अक्षर. अरुणाताईंच्या मराठी टायपिंगमध्ये त्याच कळीनं अक्षराचा पाय मोडतो आणि जोडाक्षर तयार होतं. जोडाक्षराविना मराठी दोन पावलं चालत नाही, तेव्हा सगळा मार त्या एका कळीवर. दहा वेळा दाबली तर निम्म्या वेळा ढिम्म.

आणि एका पेपरात 'वर्णव्यवस्थे'ची 'वरणव्यवस्था' झाली. 'वरण' हा शब्द खराच, त्यामुळं कॉम्प्युटरनं लाल रेघही मारली नाही. वर्गात मुलं खिदळली, "सर, भात कुठल्या प्रकरणात येतो?" क्लास चालवणाऱ्या मृणालनं त्याच संध्याकाळी फोन केला.

"काकू, पुण्याची एक एजन्सी निम्म्या वेळात पेपर देते. तुमचा सोमवारचा बघते. एक चूक सापडली, की काम तिकडे."

"आठ वर्षांतली पहिली चूक आहे, मृणाल."

"आठ वर्षांचं सर्टिफिकेट देईन ना. हवंय?"

अरुणाताईंनी फोन ठेवला आणि यतीनला गाठलं.

"आई, तू मसाला कुटल्यासारखी टाइप करतेस. प्रीमियम मशीन आहे, यार!"

"प्रीमियम म्हणजे नुसतं पुसून ठेवायचं का? अरे, पाय मोडत नाहीये."

"पाय? कुणाचा पाय मोडला?"

दिल्लीत वाढलेल्या पोराला हिंदीतला हलन्त कळायचा, अक्षराचा पाय मोडणं कळायचं नाही. त्याच्याशी डोकं लावण्यात अर्थ नव्हता. शुक्रवारी सकाळी अरुणाताई एकट्याच मेट्रोनं नोएडाच्या सर्व्हिस सेंटरला गेल्या.

काउंटरवरच्या माणसाच्या छातीवर 'नरसिंह' अशी पट्टी होती. त्यानं वर न बघता विचारलं, "तकलीफ क्या है?"

अरुणाताईंनी घरचीच मराठी जशीच्या तशी हिंदीत ओतली. "ये डी का बटन है ना, इससे अक्षर का पैर तोड़ना होता है. वो टूटता नहीं."

"टूटा है. अच्छा." नरसिंहनं फॉर्मवर लिहिलंसुद्धा: ग्राहक से टूटा. "टूट-फूट वॉरंटी में नहीं आती."

"अहो, मैंने कहा टूटता नहीं!"

"नहीं टूटता तो फिर शिकायत क्या है?"

मागची रांग हसली. अरुणाताईंनी लॅपटॉप उघडून त्याच्याकडं वळवला. "बोलिए, क्या लिखूँ?"

"मेरा नाम लिखिए."

त्यांनी लिहिलं. पडद्यावर 'नरसिंह' उमटलं, काना-मात्रेचाही फरक नाही.

"देखिए. बिल्कुल ठीक."

"क्योंकि आपके नाम में जोड़ाक्षर ही नहीं है. अब दिल्ली लिखती हूँ."

पडद्यावर आलं: दिलली. पुन्हा: दिलली. तिसऱ्यांदा मात्र कळीनं दगा दिला आणि 'दिल्ली' अगदी नीट उमटलं.

"आ गया ना!"

"तीन बार में एक बार. आपकी गाड़ी का ब्रेक ऐसे लगे तो चलाएँगे?"

नरसिंहचा आवाज चढला. "मैडम, ये कीबोर्ड अंग्रेजी का है. आप डी हद से ज्यादा दबाती हैं. गलत इस्तेमाल."

"यही लिखकर दीजिए. कि इतनी महँगी मशीन पर दिल्ली में बैठकर दिल्ली लिखना गलत इस्तेमाल है. मोहर लगाकर."

आता रांग हसली ती त्याला. आतून मॅनेजर डोकावला, आणि 'ग्राहक से टूटा'वर नाइलाजानं काट बसली. पण एकटी कळ सुटी निघत नव्हती. कीबोर्ड सांगाड्याला कायमचा ठोकलेला. वरचा अख्खा भाग मागवायचा. बारा दिवस.

"और तब तक?"

"तब तक आपका प्रॉब्लम," नरसिंह म्हणाला.

दाराशी ग्राहकांना फॉर्म भरायला एक जुना कॉम्प्युटर ठेवला होता. जाड कळांचा, खटखट वाजणारा. अरुणाताई त्याच्यासमोर बसल्या, त्यावर मराठी सुरू केलं आणि पर्समधून सोमवारच्या पेपरची कच्ची पानं काढली.

"ये कस्टमर के लिए है!"

"मैं कौन हूँ?"

शुक्रवार गेला, शनिवार गेला. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "आपका क्या खराब हुआ?" आणि अरुणाताई हात न थांबवता प्रत्येकाला सगळं सांगायच्या, मॉडेलच्या नावासकट. दोन जण नवं मशीन घ्यायला आलेले, ते ऐकून परत गेले. शनिवारी दुपारी मॅनेजर स्वतः सांगायला आला, की तो वरचा भाग बारा दिवसांऐवजी येत्या बुधवारीच येतोय.

"अच्छा," अरुणाताई म्हणाल्या. "मैं बुधवार तक यहीं हूँ."

शनिवारी संध्याकाळी पेपर तिथूनच मृणालला गेला. सोमवारी तिचा फोन आला तेव्हाही अरुणाताई तिथंच होत्या.

"काकू, दोनदा वाचला. एकही चूक सापडली नाही," मृणाल तक्रार केल्यासारखी म्हणाली.

"मग तिसऱ्यांदा वाच. सतराव्या प्रश्नात सरांनी एकच पर्याय दोनदा दिलाय. मी मुद्दाम तसाच ठेवला. एजन्सीला दिसला असता का, विचार त्यांना."

पलीकडं बराच वेळ कागद उलटल्याचा आवाज येत राहिला.

"पुढचा पेपर उद्या पाठवते," मृणाल शेवटी म्हणाली.

"सकाळी पाठव. इथं दहाला उघडतं."