ताईला ‘येते’ म्हणू दिलं नाही

आमच्या घरात भूतप्रेत, अंगात येणं असलं काही चालत नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, त्या दिवशीच ते सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. मी स्वतः शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत क्वालिटी तपासणीला आहे, पुरावा मागणं हेच माझं काम. तरीही हे लिहितेय... कारण जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं.

शीलाताई माझी मोठी बहीण. गारखेड्यातल्या निखिलनं ‘अंगणगप्पा’ नावाचं छोटंसं मराठी ॲप काढलं होतं. नवीन माणसं यायची, दोन फोटो बघून पळायची. मग ताई हौसेनं तिथं स्वागताला बसली. आलेल्याला गाव विचारायची, जेवणाची चौकशी करायची आणि निघताना हटकून सांगायची, “जातो नाय म्हणायचं. येतो म्हणा बरं!” घरातून निघताना आपण म्हणतो तसंच. एकदा येतो म्हटलं की माणसाला न येणं जड जातं. लोक टिकले ते ताईमुळे.

पुढं निखिलनं तिच्या जागी बॉट बसवला. नाव ताईचं, फोटो ताईचा, वाक्यंही ताईचीच — आणि ताईचं खातं बंद. न विचारता, न सांगता. ती तेव्हा आजारी होती. दवाखान्यात पडून एकच म्हणायची, “हाकललं त्याचं काय नाय गं. पण मला येते बी म्हणू दिलं नाय त्यानं.”

ताई गेली. पुण्यानुमोदनाला पंगत बसली होती. मावसबहिणीनं सकाळीच ते ॲप घेतलं होतं, तिनं फोन माझ्यापुढं धरला. ताईचा हसरा फोटो — “मी शीलाताई. जेवलात का?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

निखिलला फोन करून म्हटलं, तिचं नाव काढ. तर म्हणतो, “टेन्शन नका घेऊ ताई, तो आपला ब्रँड झालाय आता.” तेव्हा मी मनापासून म्हटलं, याच्या अंगणात काळं कुत्रंही न फिरको.

आणि तसंच व्हायला लागलं... नवीन माणूस यायचा, बॉटशी बोलायचा आणि एकच शब्द लिहून खातं बंद करायचा. “जातो.” “जाते.” लातूरचा असो की जालन्याची, एकमेकांना न ओळखणारी माणसं! निघताना असं कोण म्हणतं आपल्यात?

निखिलला वाटलं, मीच काहीतरी केलंय. त्यानं मला ऑफिसात बोलावलं. भर दुपारी माझ्यासमोर त्यानं बॉट काढून टाकला. मग कोऱ्या फोनवर, खोट्या नावानं नवीन खातं उघडलं.

ताईचा फोटो आला.

“निखिल, जेवलास का?”

त्यानं लिहिलं, “कोण?”

उत्तर आलं, “जा.”

खातं बंद. त्याचं मालकाचं खातंही बंद, पुन्हा उघडलंच नाही. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगू? काळजाला गार वाटलं.

कंपनीतल्या आयटीवाल्यांना विचारलं. कुणी हॅकिंग म्हणालं, कुणी खांदे उडवले. पुरावा कुणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही.

परवा निखिलचा फोन आला. रडकुंडीला आला होता. “ताई, नवीन ॲप काढलं, तिथं बी त्याच आल्यात हो. लई नुकसान व्हायलंय. तुमच्या बहिणीला सांगा ना काहीतरी...”

मी म्हटलं, “तूच सांग की. ती बसलीच आहे स्वागताला.”