बाटलीवर भाजलेले दहा रुपये

आमच्या लिंबू-सोड्याच्या बाटलीवर भाव छापलेला नव्हता, भाजलेला होता. काचेवर पांढऱ्या रंगानं ‘१० रु.’ असं काढून बाटली भट्टीतून काढलेली. नखानं निघत नाही, तारेच्या घासणीनं निघत नाही, उकळत्या पाण्यात टाकली तरी निघत नाही. आमच्या ह्यांना तेच पाहिजे होतं. मी तेव्हाच म्हटलं होतं, कागदावर छापा, कागद बदलता येतो. पण बायकोचं ऐकलं तर मग तो वऱ्हाडातला नवरा कसला!

आमचा सोड्याचा कारखाना अकोल्याच्या जुन्या शहरात. कारखाना आपलं म्हणायचं म्हणून. घराच्या खालच्या दोन खोल्या, गॅसच्या टाक्या, बाटल्या भरायची एक मशीन, धुवायचा हौद आणि भिंतीला लावलेले क्रेट. लिंबं पिळायचं काम माझं. माहेर माझं माळ्याचं, वडिलांच्या मळ्यातली लिंबं पोत्यानं यायची. वीसेक वर्षं मी लिंबं पिळली. बोटांच्या भेगांत रस गेला की डोळ्यांत पाणी यायचं, पण आमच्या सोड्यात कधी वासाचं औषध पडलं नाही. लिंबू म्हणजे लिंबूच. ह्याचा मला भारी तोरा होता, आजही आहे.

आणखी एक आत्ताच सांगून ठेवते. आमच्या घरात सोडा म्हणजे औषध. पोट फुगलं, सोडा. डोकं दुखलं, गॅस डोक्यात चढला, सोडा. छातीत जळजळ, पाठीत चमक, सोडा. ढेकर आली की दुखणं गेलं. गल्लीतले लोक दुपारचं जेवून पोटावर हात फिरवत यायचे, ‘वयनी, एक फोडा बरं.’ मी फोडून द्यायची. सोडावाल्याच्या घरी डॉक्टरचं काय काम, असं हे सगळ्यांना ऐकवायचे. मीही हसायची त्यांच्यासोबत.

आता भावाचं. बसस्टँडजवळ एक पानठेला आहे, त्याचा मालक आमचं जुनं गिऱ्हाईक. दिवसाला सगळ्यांत जास्त क्रेट तो उचलायचा. बाटली आम्ही त्याला सातला द्यायचो, त्यानं ती दहाला विकायची. पण हा बाप्पा विकायचा बाराला. का, तर थंड करायचे दोन रुपये! बरफ काय फुकट येते काय, म्हणायचा. तो एकटाच नाही, सगळेच तसं करायचे. तिकडं चिखलदऱ्याला तर पॉइंटवरचे दुकानदार फिरायला आलेल्यांकडून वीस घ्यायचे आणि वर म्हणायचे, घाट चढून माल येते.

ह्यांना ते फार लागायचं. एकदा अमरावतीच्या गाडीची वाट पाहत हे बसस्टँडवर उभे होते. शेजारी एक बाई, कडेवर लेकरू, भर मे महिना. तिनं पानठेल्यावरून आमचीच बाटली मागितली आणि मुठीतले दहा रुपये पुढं केले. तो म्हणाला, बारा. तिनं बाटली परत ठेवली आणि नळावर गेली. घरी येऊन हे जेवले नाहीत. ‘माह्या मालासाठी कोणी परत नाई जायला पाहिजे,’ म्हणाले. ‘भाव असा लिहितो की कोण्याच्या बापाले बदलता येणार नाई.’

आणि तसा लिहिला. होतं नव्हतं ते सगळं त्या नव्या बाटल्यांत घातलं. बाटल्या आल्या त्या दिवशी त्यांनी पहिली बाटली पानठेलेवाल्याच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘घे, आता लाव बारा.’ त्यानं बोटानं तो आकडा खरवडून पाहिला. मग दोघंही हसले. तसे ते मित्रच होते, भांडल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही.

माल असा खपला की विचारू नका. लोकांना समजलं, ही बाटली दहालाच मिळते, कुठंही. बडनेरा, परतवाडा, धारणीच्या जीपवाल्यांपर्यंत क्रेट जायला लागले. दोन उन्हाळे आम्हाला बसून जेवायला फुरसत नव्हती. आणि त्यातच आमचा घात झाला.

कराचं काम पाहणारे एक वकील होते, त्यांनी ह्यांना बोलावून घेतलं. म्हणाले, लहान होता तोपर्यंत तुम्हाला कोणी विचारत नव्हतं, आता विक्री मर्यादेच्या वर गेली. आता जीएसटी. ह्यांनी विचारलं, किती? ते म्हणाले, साध्या सोड्यावर कमी आहे, पण गोड सोड्यावर अठ्ठावीस आणि वर बारा सेस. शंभराच्या मालावर चाळीस, म्हणजे आमच्या सातच्या बाटलीवर जवळजवळ तीन रुपये. लहानांसाठी सवलतीची वेगळी योजना आहे म्हणतात, ती पण सोडावाल्यांना नाही.

घरी आल्यावर ह्यांनी मला ते सांगितलं तेव्हा मी लिंबं कापत होते. मी विचारलं, एवढा मोठा कर आणखी कशा-कशावर आहे? म्हणाले, सिगरेट, पानमसाला. माझं डोकंच फिरलं. माझ्या वडिलांच्या मळ्यातलं लिंबू, दोन चमचे साखर आणि पाणी, ते सिगरेटच्या रांगेत? ज्यानं हे ठरवलं त्याला अकोल्याच्या मे महिन्यात बिनाचपलेचं उभं करा म्हणावं! मी खूप बोलले. ऐकायला घरात दोघंच होतो.

आता कोणीही म्हणेल, भाव वाढवा. सगळ्यांनी वाढवला असता. पण आमचा भाव काचेत भाजलेला. नव्या बाटल्या घ्यायची ऐपत राहिली नव्हती. ह्यांनी कानस घेऊन आकडा घासून पाहिला. काचेवर ओरखडे पडले आणि मशीनवर गॅस भरताना ती बाटली फुटली. ह्यांच्या तळहाताला सहा टाके पडले.

तेव्हा एकदा ते म्हणाले, ‘साखर-लिंबू बंद करू का? साधा सोडा भरू. कर कमी लागते.’ मी कावले. म्हटलं, ‘मग मी इथं काय करू? माह्या हाताचं मग काहीच नको त्यात?’ त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. काढायला पाहिजे होता. मी तेव्हा हो म्हटलं असतं तर, हे मी आता रोज स्वतःला विचारते.

मग निघाल्या चिठ्ठ्या. ‘१२ रु.’ छापलेल्या, डिंकाच्या, बरोबर त्या आकड्यावर बसणाऱ्या. दुपारभर आम्ही दोघं चिकटवत बसायचो. आणि आमची अक्कल पाहा, जन्मभर सोडा विकला आणि हे ध्यानात आलं नाही की बाटली बरफाच्या पाण्यात ठेवतात! टपात दोन तास राहिली की चिठ्ठी सुटून वर तरंगायची. गिऱ्हाईक बाटली बाहेर काढायचं तर हातात दहाची, आणि पानठेलेवाला मागायचा बारा.

तो एक दिवस ओली बाटली घेऊन आमच्या दारात आला. त्याच्या शर्टाचा खिसा फाटला होता. गिऱ्हाइकानं गचांडी धरली होती त्याची. ‘दोन रुपयासाठी तू मले चोर म्हनत होता,’ तो ह्यांना म्हणाला, ‘आता तूच बारा लावून राहिला, आन् शिव्या म्या खाऊन राहिलो.’ सगळी गल्ली ऐकत होती. ह्यांनी ती बाटली त्याच्या हातातून घेतली. म्हणाले, ‘थोडे दिवस थांब. सरकार कर कमी करून राहिलं म्हनतात. त्या दिवशी चिठ्ठ्या काढून टाकतो. जबान देतो तुले.’

त्या दिवसापासून हे टीव्हीसमोर बसायला लागले. आणि छाती चोळायला लागले. मी विचारलं की म्हणायचे, गॅस. मी बाटली फोडायची. अर्धी पिऊन ढेकर द्यायचे आणि म्हणायचे, झालं.

मागच्या सालच्या नवरात्राच्या आधी ती बातमी आली. जीएसटी घटला! साबण स्वस्त, बिस्किट स्वस्त, आंब्याचा रस स्वस्त. शेजारचे ओरडून सांगायला लागले, भाऊ, आता तुमचा सोडा पण! हे वकिलांकडं गेले. परत आले ते सरळ हौदाच्या काठावर बसले. साध्या सोड्यावरचा कर पार खाली आला होता. गोड सोड्यावरचे अठ्ठावीस आणि बारा होते, त्याचे आता एकदम चाळीस केले होते. ‘दोन तुकडे होते, त्याइचा एक केला,’ म्हणाले. ‘चाळीसचे चाळीसच.’

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी नवे दर लागू झाले. मी घटाची माती चाळत होते. पानठेलेवाला आला. ‘सगळ्याइचं कमी झालं, तुमचंच काहून नाई?’ त्याचाही दोष नव्हता, लोक त्याचा जीव खात होते. ह्यांनी समजावलं. त्याला पटलं नाही. आवाज चढले. तो म्हणाला, ‘तू जबान देल्ली होती मले.’

त्यावर हे खाली बसले. क्रेटवर. चेहरा ओला झाला होता. डावा हात दाबत होते. मी चाळणी टाकून आले. ‘काय होते?’ ‘जळजळून राहिलं,’ म्हणाले. ‘उपाशी आहात, गॅस धरला,’ मी म्हटलं आणि हातासरशी बाटली फोडली. पानठेलेवाल्यानं त्यांची पाठ चोळली. त्यांनी घोट-घोट करून पूर्ण बाटली प्यायली. थोडं थांबले. आणि मोठी ढेकर आली.

आम्हा तिघांनाही इतकं बरं वाटलं! पानठेलेवाला म्हणाला, ‘आली! आता मोकळं झालं.’ मी देवाला हात जोडले. हे पण हसले. मग त्याला म्हणाले, ‘जाय तू. उद्यापासून दहा. बसते नाई बसते ते माह्यं मी पाहीन.’

मी परत मातीकडं गेले. ते हौदात क्रेट बुडवायला लागले, चिठ्ठ्या सुटाव्या म्हणून. मला बाटल्यांचा आवाज येत होता. मी घट बसवला, गहू पेरला, दिवा लावला. मग लक्षात आलं की आवाज बराच वेळ आला नाही. हौदाशी गेले तर ते काठावर छाती टेकून वाकलेले, दोन्ही हात पाण्यात. बोटांना ‘१२ रु.’ची एक चिठ्ठी चिकटलेली होती.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. म्हणाले, कधीपासून दुखत होतं? मी म्हटलं, सकाळपासून. नाही, महिन्यापासून. ‘मग काय केलं?’ मी म्हटलं, सोडा दिला. त्यांनी मान खाली घातली आणि कागदावर लिहायला लागले. मला रडू आलं नाही. मला वाटत होतं, ढेकर तर आली होती.

तेरवीपर्यंत मी रोज थोडे थोडे क्रेट भिजवून सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. भरलेला जेवढा माल होता तो पंगतीत वाटला. लोकं म्हणत होती, दहाचीच बाटली, भाऊची. मी वाढत होते. पानठेलेवाला पंगतीच्या शेवटी बसला होता, डोळे सुजलेले. जेवण झालं, आणि तो छातीवर हात फिरवायला लागला. एक बाटली प्यायला. दुसरी उचलली. ढेकर दिली आणि शेजारच्याला म्हणाला, ‘आता बरं वाटलं.’

माझ्या हातातलं बुंदीचं ताट पडलं. मी त्याचं मनगट धरलं. ‘ऊठ,’ म्हटलं, ‘दवाखान्यात चाल.’ ‘अवं वयनी, गॅस आहे, वडे खाल्ले...’ ‘ऊठ म्हणते ना! मेल्यावर उठशील?’ सगळी पंगत पाहत होती. भरल्या घरातून, तेरवीच्या दिवशी, मी त्याला ओढत बाहेर काढलं आणि ऑटोत घातलं.

तेच डॉक्टर होते. त्यांनी त्याला झोपवून छातीला तारा लावल्या, पट्टी काढली, उजेडात धरून पाहिली. मी भिंतीला टेकून उभी होते. ते म्हणाले, ‘काही नाही, काकू. ह्यांना गॅसच झालाय.’

मी खाली बसले आणि तिथं फरशीवर रडले, तेरा दिवसांचं. पानठेलेवाला बटणं लावत लावत रडत होता. घरातून निघताना मी आमच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं होतं, दवाखान्यात शिरताना तिथलं पाहिलं. आमच्या दारापासून तिथपर्यंत नऊ मिनिटं लागली होती.