घर विकण्यापूर्वी लालबाग

बडोद्याहून निघताना ह्यांनी मला डबा घेऊ दिला नाही. "मुंबईला चाललोय आपण. तिथं सगळं मिळतं," म्हणत माझे थेपले पिशवीतून काढून ओट्यावर ठेवले. ते कुलूप शोधायला गेले तेवढ्यात मी ते पुन्हा पिशवीत टाकले. भरूच यायच्या आत ह्यांना भूक लागली आणि डबा त्यांनी एकट्यानेच संपवला.

हा प्रवास म्हणजे सहल नव्हती, हे आधी सांगायला हवं. आमचे हे, म्हणजे दिनकर, जन्माने लालबागचे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि हे नोकरीसाठी ऐन तारुण्यात बडोद्याला आले. माझ्याशी लग्न झालं, संसार झाला, पण रोज सकाळच्या चहाबरोबर गुजरातला नावं ठेवायचा नेम काही चुकला नाही. इथे डाळ गोड. इथे दुपारी दुकानं बंद. इथे मासे तळायचे तर खिडक्या लावून, उदबत्त्या पेटवून, चोरी केल्यासारखे तळायचे. "रिटायर झालो की महाराष्ट्रात परत," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आमच्या पोपटालाही ते येत होतं.

मग हे खरंच रिटायर झाले. शेजारच्या हसमुखभाईंना आपल्या मुलासाठी आमचं घर हवं होतं. "मुंबईला थोडे दिवस राहून बघतो, आलो की सांगतो," असा ह्यांनी त्यांना शब्द दिला. मी पडले बडोद्याचीच. शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे कुठल्या राज्यात काय पिकतं ते पाठ, पण दुसऱ्या राज्यात राहून पाहिलेलं नाही. ज्या घरात मी लग्न होऊन आले, ते विकायचं की नाही ते आता लालबाग ठरवणार होतं. आपल्या बडोद्याच्या मंडळींसाठी म्हणून हा सगळा वृत्तान्त.

दादरला उतरलो. हवेत घामट दमटपणा होता, ह्यांनी तो छाती भरून आत घेतला. "वास घे, नीला. हा माझा वास." मला त्यात वडे, फुलं आणि गटार असे तीन वास आले. ह्यांचा नेमका कुठला, ते मी विचारलं नाही. स्टेशनबाहेर ह्यांनी ऐटीत टॅक्सी थांबवली, खिडकीत वाकले आणि म्हणाले, "भाई, लालबाग जवुं छे."

टॅक्सीवाल्याने वळून पाहिलं. "काका, मराठीत बोला की. मी साताऱ्याचा आहे."

"मराठीच आहे मी!" हे ओरडले.

"बसा ना मग," तो शांतपणे म्हणाला. लालबाग येईपर्यंत हे रस्त्यावरच्या मराठी पाट्या मोठ्याने वाचत होते.

ह्यांच्या चुलतभावाची जागा आमच्यासाठी रिकामी होती, ते गावी लग्नाला गेले होते. जुनी चाळ पाडून तिथे आता टॉवर झालाय. चाळीतलीच माणसं लिफ्टने वर गेलीत. पण वर जाताना त्यांनी चाळही बरोबर नेली आहे. एवढ्या उंचावर, मजल्यावरची सगळी दारं सताड उघडी! पॅसेजमध्ये पापड वाळत होते, आणि कुणाची तरी आजी लिफ्टच्या समोर खुर्ची टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी केल्याशिवाय कुणाला सोडत नव्हती. खिडकीतून मात्र दृश्य मोठं झकास होतं. खाली पूल, मध्येच उरलेली एक गिरणीची चिमणी, रे रोडकडच्या वखारींची पत्र्याची छपरं, आणि पार पलीकडे माझगाव गोदीतल्या क्रेन. त्यांच्या मागे समुद्राची एक चिंचोळी राखाडी पट्टी.

मी अजून ती पट्टी बघत होते, तोच मागून आवाज आला, "खंयसून इलात (कुठून आलात)?"

शेजारच्या सुलभावहिनी होत्या. मूळच्या मालवणकडच्या. बेल नाही, हाक नाही, सरळ स्वयंपाकघरात. आमचा फ्रिज उघडून पाहिला, "रिकामो आसा," असा निकाल दिला आणि पाच मिनिटांत सोलकढीचं पातेलं आणून आत ठेवलं. बडोद्यात आमच्याकडे शेजारी येतात ते रात्री जेवून, झोपाळ्यावर बसायला, आणि दारातून "आवुं के (येऊ का)?" विचारून. इथे 'येऊ का' हा प्रश्नच नव्हता. पहिल्या दिवशी मी दचकले. दुसऱ्या दिवशी वहिनी जरा उशिरा आल्या तर मी दारात जाऊन बघून आले.

आणखी एक गंमत. बडोद्यात मला सगळे 'मराठीबेन' म्हणतात. या मजल्यावर संध्याकाळपर्यंत माझं नाव 'गुजरातवाल्या वहिनी' पडलं. म्हणजे तिथे मी इथली आणि इथे मी तिथली. वर्गात नकाशावर काठी ठेवून राज्याच्या सीमा दाखवताना हे कधी लक्षात आलं नव्हतं.

दुपारी जेवण झाल्यावर हे सवयीने आडवे झाले. बडोद्यातल्या दुपारच्या झोपेला हे कायम नावं ठेवत, पण ती घेतल्यावाचून एक दिवस गेला नव्हता. इथे डोळा लागतो न लागतो तोच खाली कुठल्यातरी मंडळाच्या पोरांनी बँजो वाजवायला घेतला. त्यात वरच्या मजल्यावर ड्रिलिंग. मग कुणीतरी खालून 'मंदेऽऽ' अशी हाक मारली, आणि ती मंदा सगळ्यात वर राहत असावी. हे उशी डोक्यावर घेऊन म्हणाले, "ही माणसं झोपतात कधी?"

"तुम्हीच सांगा, तुम्ही इथलेच," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आम्ही घोडपदेवला गजाभाऊंकडे गेलो. हे दोघे शाळेपासूनचे दोस्त. दारातच मिठी मारून गजाभाऊ म्हणाले, "दिन्या, साल्या! तिकडे दारू मिळत नाय म्हणे?" आतापर्यंत ज्या ज्या माणसाला आम्ही बडोद्याचे म्हणून सांगितलं, त्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच होता. एवढं मोठं राज्य, एवढा लांब समुद्रकिनारा, गीरचे सिंह. पण महाराष्ट्राच्या मनातला गुजरात म्हणजे एक न उघडलेली बाटली.

"मी परत येतोय रे, गजा. कायमचा," हे भरल्या आवाजात म्हणाले.

गजाभाऊंनी चिवड्याची बशी पुढे सरकवली. "इथे? कशाला?"

"कशाला म्हणजे? आपलं आहे हे!"

"अरे, तू येतोयस आणि मी निघायच्या तयारीत आहे. पोरगा पनवेलला गेला, आता आम्ही पण चाललो. गुडघे गेले, जिने चढवत नाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्याकडे बरं असेल ना? अंगण-बिंगण? एखादी जागा असेल तर सांग की."

मी तोंडाला पदर लावला. हे बशीतल्या चिवड्याकडे बघत बसले.

तरीही दुसऱ्या दिवशी ह्यांनी एका एजंटला बोलावलंच. तरुण, चुणचुणीत, कानात यंत्र, बोलतोय आमच्याशी की फोनवर ते कळेना. परळला एक जागा दाखवली. "काका, सी-फेसिंग." समुद्र काही दिसेना. "बाथरूमच्या खिडकीतून, मॅडम. जरा बाहेर वाकायचं." मी बादली पालथी घालून तिच्यावर चढले, ह्यांनी माझी कंबर धरली, आणि मी अर्धी महाराष्ट्राच्या बाहेर लोंबकळले. खरंच, दोन इमारतींच्या फटीत एक जहाज दिसलं! मला इतका आनंद झाला की मी हात केला. पलीकडच्या इमारतीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईला वाटलं मी तिलाच केला. तिनेही केला.

बादलीवरून उतरून मी बाहेर आले, तोवर हे हॉलच्या मधोमध जाऊन उभे होते, दोन्ही हात पसरून, डोळे मिटून, गोल फिरत. "नीला, हिंचको (झोपाळा) कुठे बसणार?"

एजंटने जागेचा अंदाज घेतला. "बसेल ना काका. पुढे गेला की बाल्कनीत, मागे आला की किचनमध्ये. चहा घेऊनच परत याल."

बडोद्याचा आमचा झोपाळा सागवानी, पितळी कड्यांचा. हे रोज त्याच्यावर बसूनच गुजरातला नावं ठेवत आले आहेत. परतताना रस्ताभर हे विचारात होते. बहुधा नावं कुठे बसून ठेवायची या विचारात.

आता मुख्य प्रसंग. बडोद्यापासून ह्यांनी एकच जप चालवला होता, मासे. खिडक्या उघड्या टाकून, कुणाची पर्वा न करता मासे. सुलभावहिनींनी ते मनावर घेतलं आणि पेडव्यांचं (बारीक, काटेरी मासे) झणझणीत तिखलं (दाट कालवण) केलं. जेवायला आमच्याकडेच बसलो. "सावकाश हां, काटे आसत," वहिनी म्हणाल्या. हे हसले. "वहिनी, माझा जन्म गेलाय माशांत."

पुढच्याच घासाला ह्यांचे डोळे मोठे झाले. हात गळ्याकडे गेला, पाट मागे सरकला, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात लालबागचे दिनकर ओरडले, "मरी गयो रे! कांटो भराई गयो!"

मग सुलभावहिनी म्हणाल्या, "मासो लालबागचो नि बोंब बडोद्याची!"

दारं उघडीच असल्यामुळे लोक गोळा व्हायला वेळ लागला नाही. कुणी कोरड्या भाताचा गोळा कोंबला, कुणी केळं. एकाने पाठीत असा धपाटा घातला की हे कळवळून पुन्हा गुजरातीतच बोलले. लिफ्टजवळच्या आजी खुर्चीवरूनच "उलटा करा त्याला" असं सांगत होत्या. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. डोळ्यांतून पाणी गळत असलेला तो माणूस माझा हात सोडत नव्हता. शेवटी ठरलं, गल्लीपलीकडच्या डॉक्टरांकडे न्यायचं.

आम्ही निघालो, मागे अर्धा मजला. लालबागमध्ये दहा माणसं एका दिशेने चालली की अकरावा काही विचारत नाही, सामील होतो. कोपऱ्यावर पोचेपर्यंत आमची मिरवणूक झाली होती. त्या दुपारचा बँजोवाला पोरगाही बँजोसकट आला. एका अनोळखी काकांनी ह्यांना नमस्कार करून, "कुठल्या वॉर्डातून उभे आहात?" विचारलं.

वाट मसाल्याच्या गल्लीतून होती. उन्हाळ्याचे दिवस, वर्षाचे मसाले करून घेणाऱ्यांची गर्दी, मिरच्या कांडायची यंत्रं धडधडत होती आणि हवा नुसती लाल. हे मध्यावर थांबले. नाक फुगलं. मान मागे गेली. मग ह्यांना जी शिंक आली, तशी मी संसारात कधी ऐकली नाही. पाठोपाठ दुसरी, आणि तिसरी. तिसरीनंतर ह्यांनी घसा खाकरला, गिळून पाहिलं, पुन्हा गिळून पाहिलं.

"गेला," हे म्हणाले.

मिरवणुकीने टाळ्या वाजवल्या. बँजोवाल्याने एक सूर लावला. नंतर दहा-पंधरा मिनिटं सगळी गल्लीच शिंकत उभी होती, आणि त्या शिंकांमध्ये सुलभावहिनी मला मिठी मारून हसत होत्या. मीही हसत होते. इतक्या मोठ्याने मी रस्त्यात कधी हसले नव्हते.

त्या संध्याकाळी हे खिडकीत बसून होते. गिरणीच्या चिमणीकडे बघत म्हणाले, "नीला, मी गुजरातीत ओरडलो."

"ओरडणं आतून येतं," मी म्हणाले. मग वाटलं, हे बोलायला नको होतं, कारण ह्यांचा चेहरा खरंच पडला. इतकी वर्षं ज्या गावाला परत जायचं म्हणत हा माणूस बडोद्यात राहिला, ते गाव आता त्यांच्या जवळ उरलं नव्हतं. मी चहा केला. ह्यांना आवडतो तसा, आलं आणि पुदिना घालून. तोही बडोद्याचाच, पण तेव्हा ते मी बोलले नाही.

बडोद्याला परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच हसमुखभाई आले. मी आतून ऐकत होते. हे झोपाळ्यावर बसले, पायाने रेटा दिला आणि सुरू झाले. मुंबई म्हणजे काय, हसमुखभाई! कुणाच्या दाराला कडी नाही. माझ्यासाठी सगळा मजला रस्त्यावर उतरला, मिरवणूक निघाली, वाद्यं वाजली! सगळं अस्खलित गुजरातीत. सांगता सांगता ह्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला. हसमुखभाईंनी घराचं विचारलं तेव्हा हे म्हणाले, "घर वेचवुं नथी (विकायचं नाही)." आणि लगेच पुढे, "पण तुमच्या इथली डाळ म्हणजे..."

मला तेव्हा उमगलं की माणसाला राहायला एक राज्य पुरतं, पण बढाई मारायला दुसरं लागतं. ह्यांचं दोन्ही जमलं. प्रश्न माझा राहिला. मला ती उघडी दारं आठवत होती. इथे दुपारी सगळं गाव झोपलं की मी पंख्याकडे बघत पडते, आणि कुणीतरी खालून मंदाला हाक मारावी असं वाटतं.

म्हणून आता मी पुन्हा निघाले आहे, सुलभावहिनींकडे. एकटी. त्यांनी फोनवर "कधी येतस?" एवढंच विचारलं, का येतेस ते नाही. बॅग भरताना हे दाराशी घुटमळत होते. शेवटी म्हणाले, "परत कधी येणार?"

ज्या गावात जन्मले त्याच गावात सासर. त्यामुळे हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. तो इतका छान वाटला की उत्तर द्यायची मी मुळीच घाई केली नाही.