आईनं न केलेली सही

वडील गेल्यानंतर पेन्शनच्या ऑफिसातल्या बाईंनी आईचं आधार कार्ड हातात घेतलं, वडिलांच्या कारखान्याच्या कागदाशी ताडून पाहिलं आणि मला विचारलं, "या त्यांच्या कोण?" आई शेजारीच उभी होती. मी म्हटलं, "बायको." बाई म्हणाल्या, "कागदावरून तसं दिसत नाही हो." त्या काही वाकडं बोलल्या नव्हत्या. कागदावरून खरंच तसं दिसत नव्हतं.

घोळ आमच्याच घरचा. देवळ्याकडे आईच्या माहेरच्या गावात कार्डांचा कॅम्प लागला, तेव्हा ती कांदा काढायला माझ्या मामांकडे गेली होती. सगळे रांगेत लागले तशी तीही लागली. मशीनवाल्यानं पूर्ण नाव विचारलं. पूर्ण नावात नवऱ्याचं नाव येतं, आणि आईनं ते कधी उच्चारलेलंच नव्हतं. हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी हात धुऊन मागे लागायच्या, तरी ही तोंडाला पदर लावून हसायची आणि सुटायची. तिथंही ती गप्प राहिली. मग मामांनीच तिचं नाव सांगून टाकलं, माहेरी सगळे हाक मारतात ते. त्याला जोडून आजोबांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळात जे नवं नाव लिहिलं, ते कारखान्याच्या कागदावर होतं. कार्डावर त्याचा पत्ताच नव्हता.

वडिलांना याची गंमत वाटायची. सातपूरच्या कारखान्यातली पाळी संपवून आले की चहा पिता पिता विचारायचे, "पाहुण्या बाई, मुक्काम किती दिवस?" आई म्हणायची, "चहा गार व्हतोय." दुरुस्त करून घेऊ, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. आजचं मरण उद्यावर ढकलायची आमच्या घराची जुनी खोड आहे.

मग वडील गेले. मी आईला इंदिरानगरला माझ्याकडे आणलं आणि फाईल घेऊन फिरायला लागले. लग्नाचा दाखला नव्हता. त्या काळी कोण काढत होतं? प्रतिज्ञापत्र केलं, मामांचा जबाब घेतला, राजपत्रात नाव छापून आणलं. लोक म्हणायचे, पोरगी धीराची आहे. धीर कसला, मी बधिर झाले होते. रडू येत नव्हतं, जेवणाला चव लागत नव्हती, आणि "उद्या या" म्हणणाऱ्यांचा रागसुद्धा येत नव्हता. एरवी राग माझ्या नाकावर बसलेला असतो. तोही गेला म्हणजे आत काहीतरी बिघडलंय, एवढं मात्र कळत होतं.

दुरुस्तीच्या केंद्रावर खिडकीतल्या माणसानं पतीचं नाव विचारलं. मी सांगायला लागले तर तो म्हणाला, "ताई, त्यांना सांगू द्या." आईनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नाही. मग तिनं सांगितलं, आडनावासकट, भाजीचा भाव सांगावा तसं. "आजी, जरा मोठ्यानं," तो म्हणाला. तिनं परत सांगितलं. ज्यांनी ते तिच्या तोंडून कधीतरी ऐकायला हवं होतं, ते ऐकायला उरले नव्हते. मला तिथं भडभडून यायला हवं होतं. मी पिशवीतून पुढचा कागद काढत होते.

कार्ड आलं, पेन्शनही सुरू झाली. त्यानंतर एका संध्याकाळी आमच्या सोसायटीतले निवृत्त मास्तर सह्या गोळा करत दारात आले. ओळखपत्राचा हा कायदाच रद्द करा, असा अर्ज ते दिल्लीला पाठवणार होते. माणूस समोर धडधडीत उभा असताना त्यालाच तू कोण म्हणून पुरावा मागायचा, ही कुठली रीत, असं त्यांचं म्हणणं. मी तिथंच सही ठोकली. कित्येक दिवसांनी थोडासा राग आल्यासारखं वाटलं आणि बरं वाटलं.

मास्तरांनी पेन आईपुढे केलं. "वहिनी, तुमची सही तर हवीच. तुम्हाला केवढा मनस्ताप झाला."

आईनं पेन घेतलं. "कायदा गेला म्हंजी माझ्या कार्डाचं काय व्हईल?"

"बाद होईल. कुणाला दाखवायलाच नको. कटकट संपली."

"बाद व्हईल?"

"हो ना."

आईनं पेनला टोपण लावून ते परत दिलं. "मंग नाय करत मी सही."

आता मात्र मी चिडले. "अगं, त्या कार्डापायी आपल्या चपला झिजल्या. आणि तेच तुला हवंय?"

"झिजल्या. माहीत हाय मला." ती मास्तरांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "त्यांचं नाव मी जल्मात कधी घेतलं नाय. ते असताना नाय घेतलं. ह्या कार्डासाठी घेतलं, त्या खिडकीत, दोनदा. आता ते बाद झालं, तर मंग मी कशापायी घेतलं?"

मास्तरांनी कागद घडी करून खिशात घातला आणि ते शेजारची बेल वाजवायला गेले. माझी सही त्या कागदावर तशीच राहिली. आई दार लावत होती तेव्हा मला रडू फुटलं, वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच.