सूट बये सूट

चावीवाल्या काकांना कुणी विचारलं, की कुलूप उघडता तरी कसं, तर ते सरळ सांगत, "नशिबानं." लोकांना तो त्यांचा मोठेपणा वाटे. आपण खरं बोललो, तेही कुणाला पटत नाही, याचं काकांना हसू येई.

शिकाऊ होते तेव्हा कुलपात तार घालून नुसती खुडबुड चालायची, आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं. वेळ मारून न्यायला एकदा ते पुटपुटले, "गुळमुळ खुळमुळ, सूट बये सूट." योगायोगानं कुलूप सुटलं आणि मंत्र गळ्यात पडला. पुढे हात चांगला बसला, तरी मंत्राशिवाय गिऱ्हाइकांना काम झाल्यासारखं वाटेना. एवढा बाप्या माणूस, लोखंडाला बये-बये करत बसतो, याची काकांना स्वतःचीच लाज वाटे. काकू म्हणत, "कुलूप कंटाळून उघडत असेल."

मंत्राचं खरं कौतुक एकट्या नातीला. काकांनी तिला खेळायला फळीवर जुनी कडी ठोकून दिली होती. काका 'सूट' म्हणाले की पोर कडी ओढायची आणि टाळ्या पिटायची.

एका सकाळी ती न्हाणीघरात शिरली आणि आतून कडी लावून बसली. आत कढत पाण्याची बादली भरून ठेवलेली. सून जसजशी दार बडवत होती, तसतशी पोर जास्तच भोकाड पसरत होती. दार आत उघडणारं, लाथ घालावी तर पोरीच्याच अंगावर जायचं. काका हत्यारांची पिशवी घेऊन धावले आणि दारासमोर ठोंब्यासारखे उभे राहिले. आतल्या कडीला बाहेरून भोकच नव्हतं, तार घालणार कुठे? जन्मभर जगाची दारं उघडली, आणि घरच्या दारापुढे पिशवी तशीच हातात राहिली.

"मंत्र म्हणा," काकू म्हणाल्या.

"अगं, थापा आहेत त्या."

"तिला कुठे ठाऊक आहे?"

काकांनी सुनेला थांबवलं, दाराला तोंड लावलं. मग कसंबसं म्हणाले, "गुळमुळ खुळमुळ, सूट बये सूट."

रडणं थांबलं. कडी सरकली. पोर बाहेर आली, ओल्या पायांनी, आणि टाळ्या पिटू लागली. काका तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडले.

दुपारी त्यांनी न्हाणीघराची कडी काढून पोरीचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर ठोकली. ठोकताना मंत्र पुटपुटत होते. ऐकायला तेव्हा घरात कुणीच नव्हतं.