नालबंदाच्या हातावरचे चट्टे

एकोणीसशे साठच्या दशकात मी तलाठी होतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडीला नाल ठोकायला एका म्हाताऱ्या नालबंदाकडे गेलो. संधिवातावरच्या नव्या गोळ्यांनी त्याची आखडलेली बोटं मोकळी झाली होती, हातोडी झपाझप चालत होती. पण मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे आणि पिकलेले फोड होते. माझ्या पुढचा शेतकरी ते बघून घोडा घेऊन निघूनच गेला.

बाही खाली ओढत नालबंद म्हणाला, "भाऊसाहेब, ही घोडानी खरूज नही शे. डाक्तर म्हने, गोयासनी अंगनी ताकद कमी करी, म्हनीसन बुरशी धरनी."

"मग गोळ्या सोडा, बाबा."

"सोड्यात तं बोटं आखडतस. गोया खाद्यात तं कातडं सडस. तुम्हीच सांगा, काय करू?"

औषधानंच दुसरा रोग यावा, हे डोक्यात शिरत नव्हतं. आपल्याला लागण होईल ही भीतीही जात नव्हती. तरी मी घोडीचा पाय उचलून त्याच्या मांडीवर टेकवला. त्यानं लगेच हातोडी घेतली नाही. मान खाली घालून तो कितीतरी वेळ नुसता खूर पुसत राहिला.