शेजारची ऐरण

२००५च्या वसंतात, नेदरलँड्समधल्या कापेल गावी, शेजारच्या डच आजोबांनी रेल्वेरुळाचा तुकडा ओंडक्यावर ठोकून घरगुती ऐरण केली. हातोडा पडताच ती देवळातल्या घंटेसारखी निनादे.

"आवाज बंद कर, नाहीतर ऐरण भंगारात!" आजींनी बजावले.

मग आजोबा रुळाला कधी साखळी गुंडाळत, कधी खाली गालिचा घालत, आणि परीक्षक म्हणून मला रीतसर वेळ ठरवून बोलावत. अखेर त्यांनी रूळ वाळूच्या पिंपात उभा रोवला. ओल्या मातीवर नारळ पडावा तसा मऊ आवाज आला. एरवी एकच देणाऱ्या आजींनी आनंदाने कॉफीबरोबर चक्क दुसरे बिस्किट दिले.

आजोबांनी पुन्हा घाव घातला, कान लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही आता माझ्याशी बोलतच नाही हो," म्हणत ते हातांनी वाळू उपसू लागले.

आजींनी निःश्वास टाकून स्वतःच्या कानांत कापूस घातला आणि उरलेला माझ्यापुढे केला.